बदलीच्या खुर्चीवर तुमची बॅग होती, सर

(आमच्या कॉलेजचे बास्केटबॉलचे सर आणि जिमखाना समिती यांना खुलं पत्र)

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आपल्या कॉलेजचे तीन सामने झाले आणि तिन्ही वेळा टेबलावर स्कोअरर म्हणून मीच होतो. आपल्याच कॉलेजचा जुना खेळाडू टेबलावर बसलेला कुणाला खटकू नये, म्हणून पहिल्या दिवशी मी समोरच्या संघाच्या सरांना आधीच विचारलं. ते हसले. म्हणाले, "बसा हो बिनधास्त. तुमच्या कॉलेजचं शीट लिहायला कितीसा वेळ लागतो? पाच नंबर लिहिले की झालं." मीही हसलो. तीन दिवसांनी शीटची घडी घालताना तेच वाक्य परत आठवलं आणि तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे. तुमच्या खोलीत येऊन बोललो असतो, पण ते दोनदा करून झालंय. दोन्ही वेळा तुम्ही चहा पाजलात, घरच्यांची चौकशी केलीत आणि विषय बदललात. म्हणून आता चारचौघांत.

स्कोअरशीट लिहायला तुम्हीच शिकवलंत, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो. संघाच्या बारा नावांपुढे एक बारीक रकाना असतो. सामन्याच्या दहा मिनिटं आधी प्रशिक्षक टेबलाशी येतात, सुरुवातीच्या पाच जणांपुढे फुली मारतात, सही करतात. सामना सुरू झाला की त्या पाच फुल्यांना मी लाल पेनानं गोल करतो. नंतर जो बदली म्हणून पहिल्यांदा आत येईल, त्याच्यापुढे नुसती फुली. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं. त्यामुळे सामना संपल्यावर त्या एका रकान्यावर नजर टाकली, की कोण खेळलं, कोण साधारण कधी आत आलं आणि कोण नुसतं बसभाडं खर्चून परत गेलं, सगळं कळतं.

आपला रकाना असा होता. पहिल्या दिवशी अर्ध्या वेळेलाच आपण वीसच्या वर पुढे होतो, तरी पाच गोल आणि एक फुली. दुसऱ्या दिवशी पाच गोल आणि दोन फुल्या, त्यातली एक चौदा नंबरचा घोटा मुरगळला म्हणून नाइलाजानं. उपांत्य सामन्यात पाच गोल आणि तीन फुल्या, तिन्ही निळ्या, तिन्ही शेवटच्या पाच मिनिटांतल्या. चार पोरांपुढचा रकाना तिन्ही दिवस कोरा. त्यातला एक पोरगा पहाटेची एसटी पकडून यायचा, हे मला त्याच्या डब्यावरून कळलं. आईनं कळण्याच्या भाकरी बांधून दिल्या होत्या आणि त्या तो सगळ्यांना वाटत होता. खेळाडू जेवताना हात राखून जेवतो, सर. हा पोटभर जेवत होता. त्याला माहीत होतं.

आता ती खुर्ची. टेबलाशेजारी दोन्ही बाजूंना बदलीची खुर्ची ठेवतात. आत जायचंय त्यानं स्वतः टेबलाशी येऊन सांगायचं आणि पुढची शिटी होईपर्यंत तिथं बसायचं. आपल्या बाजूच्या खुर्चीवर तुमची काळी बॅग होती. तिन्ही दिवस. मुद्दाम ठेवली होतीत असं मी म्हणत नाही. खुर्ची रिकामी दिसली, बॅग ठेवलीत. आमच्याकडे वापरात नसलेल्या पाटावर डबे येऊन बसतात, तसं. पण उपांत्य सामन्यात सात नंबरचा चौथा फाउल झाला आणि तुम्ही अकरा नंबरला "जा, तयार राहा" म्हणालात. तो धावत आला. खुर्चीवर बॅग. त्यानं ती उचलली, इकडंतिकडं बघितलं, खाली ठेवायचा धीर झाला नाही म्हणून मांडीवर घेऊन बसला. पहिल्या वर्षाचं पोर, गुडघ्यावर सरांची बॅग, तिच्यावर दोन्ही हात. दोनदा शिटी वाजली. दोनदा मी तुमच्याकडे बघितलं. दोन्ही वेळा तुम्ही हातानं "थांब" म्हणालात.

मग सात नंबरचा पाचवा फाउल झाला, म्हणजे तो बाद, आणि थांबायची सोय उरली नाही. चार मिनिटं आणि काही सेकंद बाकी, आपण दोन गुणांनी पुढे. अकरा नंबर आत गेला. छत्तीस मिनिटं बसून थंड झालेलं अंग, समोरचा संघ नेमका त्याच्यावरच दोघं-दोघं धावून येणार हे शेंबड्या पोरालाही कळावं. पहिलाच चेंडू त्याच्या हातून रेषेबाहेर गेला. तुम्ही ओरडलात. पुढच्या वेळी तो कोपऱ्यात मोकळा होता, शॉट त्याचाच होता आणि त्यानं घेतलाही. मी टेबलावरून त्याच्याकडेच बघत होतो. चेंडू हातातून सुटला आणि रिंगपर्यंत पोहोचायच्या आधीच त्यानं मान वळवून तुमच्याकडे बघितलं. चेंडू जातोय की नाही, हेसुद्धा त्यानं बघितलं नाही! रिंगच्या पुढच्या कडेला लागून तो परत आला. पुढच्या शिटीला तुम्ही तेरा नंबरला पाठवलंत. आत राहायला अकरा नंबरला सव्वा मिनिटही मिळालं नसेल.

तीन गुणांनी हरलो. गाडीकडे जाताना तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "बघितलंस ना? म्हणूनच मी बदलत नाही."

त्या वाक्याला तिथं मला उत्तर सुचलं नाही, ते इथं देतो. लहानपणी आम्हाला पोहायला शिकवायचे ते पाठीला पत्र्याचा डबा बांधून, थेट विहिरीत. काठावर तीन वर्षं बसवून कुणी पोहायला शिकल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि पोर गटांगळ्या खायला लागल्यावर काठावरून "बघा, म्हणूनच टाकत नव्हतो" म्हणणारा काका आमच्या गावात तरी नव्हता. पोरगा तयार नाही म्हणून खेळवायचा नाही आणि खेळवला नाही म्हणून तयार होत नाही. या चक्रातून तो स्वतः बाहेर पडू शकत नाही. ते फक्त तुमच्या हातात आहे.

हे मी रागानं लिहितोय असं समजू नका. बेंचवर बसलेल्याची तर ही तक्रार नाहीच. मी तुमच्या पाचांतला होतो. नऊ नंबर. तेव्हा चार ते पंधरा असेच नंबर असत, ही आताची पोरं शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत काहीही घालतात. तीन वर्षं एकही सामना मी बाकावरून बघितला नाही आणि तेव्हा मला त्याचा गर्व होता. ऑक्टोबरच्या उन्हात सिमेंटच्या कोर्टवर चाळीसच्या चाळीस मिनिटं. तिसऱ्या क्वार्टरनंतर पाय उचलत नसत, तरी "सर, दोन मिनिटं बाहेर येऊ का?" असं विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. विचारलं एकदा एकानं. तुम्ही त्याला पुढचा आख्खा सामना बसवलंत. त्यानंतर आम्ही दमलोय हे लपवायला शिकलो. फ्री थ्रोला उगाच जास्त वेळ घ्यायचो, बुटाची नाडी सोडून परत बांधायचो. माझा डावा गुडघा आता जिना उतरताना कुरकुरतो, पण त्याचं खापर तुमच्यावर फोडणार नाही. मीच बोललो नव्हतो.

माझ्याच वर्षाचा एक मित्र होता, पारोळ्याकडच्या गावचा. तीनही वर्षं संघात, तीनही वर्षं बाकावर. प्रत्येक सामन्याआधी बूट घालता घालता तो म्हणायचा, "आज बी बठेलच शे भो." म्हणजे आजही बसलेलाच. आम्ही हसायचो. तोही हसायचा. प्रॅक्टिसला माझ्यापेक्षा जास्त रिबाउंड, म्हणजे रिंगला लागून परत आलेले चेंडू, त्याचे असत, हे तुम्हालाही माहीत होतं. आता तो कापसाचा व्यापार करतो, बरं चाललंय त्याचं. मागच्या वर्षी भेटला तेव्हा मी सहज म्हटलं, चल, रविवारी जुने सगळे खेळायला जमतोय. तो म्हणाला, "मी कधी खेयनू?" एवढंच बोलून त्यानं बिलाची वही पुढे ओढली.

एक मुद्दा मात्र नीट समजावून सांगायला हवा, कारण त्यात भावनेचा प्रश्नच नाही, हिशोबाचा आहे. १९९० मध्ये जळगावला आपलं वेगळं विद्यापीठ झालं. त्याआधी आपण पुणे विद्यापीठात होतो. म्हणजे पुणे, नगर, नाशिक सगळ्यांशी भांडून विद्यापीठाच्या बारांत यावं लागायचं. आता ते बारा जण जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतून निवडले जातात. आपल्या पोरांसाठी दार एवढं रुंद कधीच नव्हतं. पण निवड समिती कुणाला निवडणार? जो तिनं खेळताना बघितलाय त्याला. ज्याच्यापुढे फुलीच नाही, त्याला समिती कुठून बघणार? तुमच्या अडून बसण्यानं आपण सामना हरलो की जिंकलो ही गोष्ट वेगळी. त्या चार पोरांना मात्र कुणी पाहिलंच नाही. विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेलेल्या मुलाच्या कागदाला किंमत असते, पुढे राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात, त्याची वाट याच पायऱ्यांवरून जाते. "प्रमाणपत्र तर सगळ्यांनाच मिळतं" हे तुमचं नेहमीचं उत्तर. कॉलेजकडून भाग घेतल्याचं मिळतं. ते घरी भिंतीवर लागतं.

आता चौदा नंबरबद्दल. सहा फूट दोन इंच. आपल्याकडे एवढा उंच पोरगा आला की त्याचं नशीब पहिल्याच दिवशी ठरतं: रिंगखाली उभा राहा, हात वर ठेव, चेंडू आला की टाक, खाली सोडू नको. त्यानं एकदा रिबाउंड घेऊन स्वतःच ड्रिबल करत अर्धं कोर्ट पार केलं, तर तुम्ही भर प्रॅक्टिसमध्ये त्याला वीस फेऱ्या मारायला लावल्यात. सर, आपल्या तीन जिल्ह्यांत सहा फूट दोन इंच म्हणजे सेंटर. पश्चिम विभागाला राजस्थान, गुजरातचे संघ येतात, तिथं त्याच्या डोक्यावरून रिबाउंड काढणारे साडेसहा फुटी उभे असतात. तिथं हा गार्ड म्हणून, बाहेरून चेंडू खेळवणारा म्हणूनच टिकू शकला असता. पण ड्रिबल येत नाही, बाहेरून शॉट नाही, तोंड रिंगकडे करून खेळायची सवय नाही. इथं उंच म्हणून बांधून ठेवला आणि तिथं बुटका म्हणून बसवला. माझी उंची सहा फूट होती, मलाही रिंगखालीच उभं केलं होतंत. मी पश्चिम विभागाच्या पहिल्याच सामन्यात उघडा पडलो. तेव्हा वाटलं आपल्यातच दम नाही. ते तसं नव्हतं हे कळायला दहा वर्षं लागली.

आणि तो दोन-तीनचा झोन: बचावात दोघं पुढे, तिघं मागे, प्रत्येकानं आपापली जागा राखायची. २०१० च्या पावसाळ्यात तुम्ही आम्हाला कॉम्प्युटर लॅबमध्ये बसवून अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाचे जुने सामने दाखवले होते. प्रशिक्षक जिम बोहाइम. १९७६ ते २०२३ एकाच विद्यापीठाचे प्रशिक्षक राहिले आणि शेवटपर्यंत दोन-तीन झोन सोडला नाही. "हट्ट असावा तर असा," तुम्ही म्हणाला होतात. मला ते इतकं आवडलं की पुढे मी त्यांचं मिळेल ते बघत गेलो. आणि मग लक्षात आलं की आपण त्या गोष्टीचा अर्धाच भाग घेतलाय. बोहाइम ज्या एकमेव वर्षी अमेरिकेचं कॉलेज विजेतेपद जिंकले, त्या २००३ च्या संघाचा कणा होता कार्मेलो अँथनी. पहिल्या वर्षाचा. कॅन्ससविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या अर्ध्यात लांबून सहा थ्री पॉइंटर, म्हणजे तीन-तीन गुणांचे शॉट मारले ते जेरी मॅकनमारानं. तोही पहिल्या वर्षाचाच. ८१-७८ असा सामना. म्हणजे ज्या माणसाचा हट्ट तुम्ही उचललात, त्यानं हट्ट धरला तो झोनचा. पोरांच्या बाबतीत तो पहिल्या वर्षाच्या हातात चेंडू द्यायला कचरला नाही. आपल्याकडे नियम उलटा: टी.वाय.चा पोरगा आधी, एस.वाय.चा जमलं तर, एफ.वाय.नं पाण्याचा जार भरायचा.

झोनला माझा विरोध नाही. तो दमलेल्या पाचांना झाकतो हे मी स्वतः अनुभवलंय. पण २०१० मध्ये थ्री पॉइंटची रेषा सहा मीटर पंचवीसवरून सहा मीटर पंच्याहत्तरवर गेली, आणि आता आपल्या तालुक्याच्या पोरांनाही तिथून मारता येतं. दोन-तीन झोनचे कोपरे उघडे असतात हे सगळ्या जगाला माहीत आहे. उपांत्य सामन्यात आपण शेवटी तिथंच मेलो: उजवा कोपरा, आपला दमलेला पाय अर्धं पाऊल उशिरा. आणि दुसरं म्हणजे झोनच झोन खेळून पोरगा जागा राखायला शिकतो, माणूस राखायला शिकत नाही. निवड चाचणीत अनोळखी दहा जणांना दोन संघांत वाटून मॅन टू मॅन खेळवतात. तिथं आपला पोरगा पहिल्या दोन मिनिटांत मागे पडतो, कारण एका माणसासमोर पाय सरकवत राहायचं हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

अमेरिकेचं निघालंच आहे तर अजून एक सांगतो आणि थांबतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा मोबाइल बघून शहाणा झाला. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे डीन स्मिथ, १९६१ ते १९९७, ८७९ विजय. त्यांच्या संघात एक साधी पद्धत होती. खेळाडू दमला की त्यानं मूठ वर करायची. स्मिथ लगेच त्याला बाहेर घेणार. आणि ज्यानं स्वतः मूठ वर केली, तो दम खाऊन झाला की स्वतःच सांगून परत आत जाऊ शकायचा. आता विचार करा, आमच्यापैकी कुणी मूठ वर केली असती तर काय झालं असतं! मला यातली मेख अशी वाटते की मूठ वर करणाऱ्याला शिक्षा नाही हे पक्कं होतं, म्हणून तो कोर्टवर असताना जीव तोडून पळायचा. आम्ही चाळीस मिनिटं पुरवायची म्हणून पहिल्या मिनिटापासून हात राखून खेळायचो. आणि हे डीन स्मिथ स्वतः कोण होते? १९५२ मध्ये कॅन्ससनं विजेतेपद जिंकलं त्या संघातले राखीव खेळाडू. बाकावरचे. बाकावर बसून त्यांनी काय काय बघून ठेवलं असेल!

परवा उपांत्य सामन्याला माझे सासरे आले होते. सावद्याचे, केळीवाले, बास्केटबॉल आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. अर्धा वेळ झाल्यावर मला म्हणाले, "जावईबापू, हे बाकीचे सात जण कशाला आणलेत मग?" मी म्हटलं, कुणाला लागलं-बिगलं तर. ते गप्प झाले. घरी जाताना म्हणाले, "आमच्याकडे घड निसवला की बुडाशी आलेली पिलं कापून टाकतात, पण एक जोमदार पील राखतात. घड कापायच्या दिवशी ते पील कमरेएवढं झालेलं असतं. तुमच्या मास्तरचा घड यंदा कापला जाणार, ना? मग?" आपले पाचांतले चार जण टी.वाय.ला आहेत, सर. मे महिन्यात ते जातील. सासरे बाकी बागेच्या गोष्टी फार लांबवतात, पण हा प्रश्न मी तसाच तुमच्यापुढे ठेवतो.

तुमची बाजू मला माहीत नाही असं नाही. पहाटे साडेपाचला कोर्टचं गेट उघडायला तुम्हीच येता. कबड्डी, खो-खो, क्रॉसकंट्री, कुस्ती, सगळ्यांचे संघ तुम्ही एकटेच नेता आणि बसच्या बिलांसाठी ऑफिसात खेटेही तुम्हीच घालता. आमच्या वर्षी दोघांना बूट तुम्ही स्वतःच्या पैशातून घेऊन दिलेत आणि कुणाला कळू दिलं नाहीत. मला कळलं कारण त्यातला एक मी होतो. म्हणून तर हे लिहायला एवढे दिवस लागले.

आणि इथं दोन शब्द जिमखाना समितीला. सरांना हरायची भीती वाटते ती त्यांच्या स्वभावानं नाही, तुमच्या बैठकीनं. दरवर्षी तुम्ही एकच विचारता, "कप आला का?" प्राचार्यांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात किती जागा भरली यावर पुढच्या वर्षीचं बजेट ठरतं. गेल्या पाच वर्षांत किती पोरं विद्यापीठाच्या संघात गेली, पहिल्या वर्षी आलेली किती पोरं तिसऱ्या वर्षापर्यंत टिकली, हे तुम्ही कधी विचारलंत? आपल्याकडे दर पावसाळ्यात पंचवीस-तीस पोरं कोर्टवर येतात. दिवाळीनंतर मोजून बघा. आणि विचाराल तेव्हा उत्तर द्यायला सरांनी काहीतरी राखलेलं असावं यासाठी त्यांना एक वर्ष तरी कपाशिवाय जाऊ द्या. लेखी द्या. तोंडी दिलेलं फेब्रुवारीत कुणाला आठवत नाही.

सर, मी मागतोय ते फार नाही. एका सामन्यात पाच जणांची चाळीस-चाळीस मिनिटं, म्हणजे एकूण दोनशे मिनिटं तुमच्या हातात असतात. त्यातली चाळीस बाकीच्या सात जणांना द्या. पाचांकडे एकशे साठ राहतातच. पण ती चाळीस मिनिटं आधी ठरवून द्या आणि त्यांना आधी सांगून द्या. दुसरा क्वार्टर सुरू होताना अकरा आणि तेरा आत जाणार, हे त्यांना आदल्या रात्री माहीत असू द्या, म्हणजे ते झोपण्यापूर्वी त्याचाच विचार करतील. वीस गुणांनी पुढे असताना शेवटी टाकलेली दोन मिनिटं त्यात धरू नका, ती कुणालाही काही शिकवत नाहीत. आणि आत गेलेल्याला त्याची मिनिटं संपेपर्यंत बाहेर काढू नका. पहिला चेंडू घालवला तरी, दुसरा घालवला तरी. अकरा नंबरनं शॉट मारल्यावर मान तुमच्याकडे वळवायचं सोडून रिंगकडे ठेवली, की समजा काम झालं. त्याला दहा-बारा सामने लागतील.

चौदा नंबरला आठवड्यातून दोन दिवस गार्डांसोबत ड्रिबलला उभा करा. जून ते ऑगस्ट झोन पूर्ण बंद, मॅन टू मॅनच. तसेही पावसाळ्यात सामने नसतात, कोण बघतंय? भुसावळला रेल्वे क्वार्टर्समधली जुनी मंडळी रविवारी सकाळी खेळतात. पन्नाशीचे लोक आहेत, पण कोपर असं लावतात की पोरांना महिनाभर आठवावं. महिन्यातून एक सामना त्यांच्याशी ठेवू, मी बोलतो त्यांच्याशी. त्या सामन्यांचं शीटही मी लिहीन, पेट्रोल माझं.

यातलं काहीच पटलं नाही तरी चालेल. पुढच्या स्पर्धेलाही टेबलावर बहुधा मीच असेन. तुम्ही दहा मिनिटं आधी याल, पाच फुल्या माराल, सही कराल, मी लाल पेन काढीन. फक्त बॅग तेवढी टेबलाखाली माझ्याकडे द्या. मी सांभाळीन.

तुमचा,
नऊ नंबर

ता. क. पूर्वेकडच्या रिंगचा उजवा बोल्ट परत ढिला झालाय आणि रिंग एका बाजूनं बोटभर खाली आलीय. पोरांना सांगितलं तर ते म्हणाले, "सवय झाली आता." दुसऱ्या कोर्टवर गेल्यावर शॉट आखूड पडतो तो त्यामुळेच. वेल्डरला मी सांगून ठेवलंय, शनिवारी चारनंतर येईल. गेटची किल्ली शिपायाकडे ठेवा.